रविवारी नुसती बघितलेली गाडी

"तू गाडी बघतोयस की गुंतवणूक, ते एकदा ठरव," किटलीवर लोकरीची टोपी चढवत नेस्टा म्हणाली. "म्हणजे मला कळेल, आनंद कशाचा मानायचा ते."

इडवल प्रॉसरने मासिकातून मान वर काढली नाही. "दोन्ही," तो म्हणाला. "तीच तर गंमत आहे. नवी गाडी दारात आणली की त्या क्षणापासून तिची किंमत उतरायला लागते. जुनी उघडी गाडी नीट निवडून घेतली, तर आपण तिच्यात बसून हिंडायचं आणि किंमत आपली वर चढत राहायची."

"हिंडलं की मैल वाढतात आणि मैल वाढले की किंमत पडते, असं परवा तूच म्हणालास."

"म्हणून थोडंच हिंडायचं."

"म्हणजे गुंतवणूक शेडमध्ये आणि मजा मासिकात. ती तर आत्ताही चालूच आहे की. वेगळी गाडी कशाला हवी?"

इडवलने उत्तर म्हणून केकचा तुकडा तोंडात टाकला. संसारात काही प्रश्नांना केक हेच उत्तर असतं.

हा इडवल म्हणजे सगळ्या ब्रिनगोले गावाचा 'प्रॉसर पाणी'. उत्तर वेल्सच्या त्या डोंगरांत माणसं पुष्कळ आणि आडनावं मोजकी, त्यामुळे ज्याच्या त्याच्या नावाला त्याचा धंदा चिकटवून मोकळं व्हायचं अशी रीत. इडवलची अख्खी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली. धरणापासून नळापर्यंतचा प्रत्येक पाइप त्याला ठाऊक, आणि त्या पाइपांमागे तो हिंडला तो खात्याच्या करड्या व्हॅनमधून. तिच्या काचा खाली उतरत नसत. उन्हाळ्यात कधीतरी समोरून एखादी बसकी, दोन माणसांची, छप्पर नसलेली गाडी सर्रकन निघून जाई. आत कुणीतरी केस भुरभुरत हसत बसलेलं असे. इडवल व्हॅनच्या काचेतून मागे वळून बघे आणि मनात म्हणे, निवृत्त झालो की.

तो निवृत्त झाला आणि मग निवडायला बसला. निवडणं त्याच्या रक्तातच होतं. मोज्यात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशात घालून तो कुठे कुठे गाड्या बघायला जाई. गाडीच्या अंगावरून ते हळूच फिरवायचं, चिकटलं तर पत्रा आणि सुटलं तर रंगाखाली गंज झाकायला भरलेली लांबी. मोजा बाहेर निघाला की भल्याभल्या विकणाऱ्यांचे चेहरे उतरत. एक लाल गाडी अशी निघाली की चुंबक तिच्यावर कुठेच टिकेना. एका काळीचं इंजिन दुसऱ्याच गाडीचं होतं. एका निळीत काहीच खोट नव्हती, पण परत येताना इडवल म्हणाला, "मन नाही बसलं." नेस्टाने ऐकून घेतलं. तिच्याशी लग्न ठरवायलाही या गृहस्थाने कितीतरी वर्षं लावली होती.

आणि मग ती हिरवी सापडली. खिंडीपलीकडे लेसी नावाचे एक निवृत्त इंग्रज दंतवैद्य राहत, त्यांच्या कोठारात. बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा रंग, तारांची चाकं, आणि चुंबक असं चिकटलं की मोजा ओढून काढावा लागला. इंजिन जन्मापासूनचं. इडवल दोनदा जाऊन तिला बघून आला आणि दोन्ही वेळा घरी येऊन कमी जेवला. तेव्हाच नेस्टाने ओळखलं की हे प्रकरण गुंतवणुकीचं राहिलेलं नाही.

त्या शनिवारी चहाच्या वेळीच लेसींचा फोन आला.

"मिस्टर प्रॉसर, बर्मिंगहॅमचा एक माणूस सोमवारी सकाळी ट्रेलर घेऊन येतोय," लेसी म्हणाले. "गाडी तुमच्याकडे जावी असं मला वाटतं. त्याला ती काचेच्या खोलीत ठेवायचीय. तुम्ही उद्या दुपारी येऊन, चालवून बघून, हो म्हणून जा."

"उद्या रविवार आहे," इडवल म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. उद्या तुम्हाला सुटी असेल."

इंग्रज माणसाला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. ब्रिनगोलेत रविवार म्हणजे सुटी नव्हे, रविवार म्हणजे रविवार. त्या दिवशी दारूचं दुकान बंद, दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, बागेत फावडं चालवायचं नाही, आणि विकत घेणं-विकणं तर स्वप्नातही नाही. त्यातून इडवल गावच्या चॅपलच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, पंचांपैकी एक. व्यासपीठाच्या पायथ्याशी पंचांचं लांबरुंद आसन असे, मंडळीकडे, म्हणजे उपासनेला जमलेल्यांकडे, तोंड करून. त्यावर बसणाऱ्याचं तोंड सगळ्यांना दिसे, आणि त्यावर लिहिलेलंही सगळे वाचत.

"आपण घ्यायची नाहीच," रात्रीच्या भांड्यांना फडकं लावत इडवल म्हणाला. "नुसती बघायची. चालवून बघणं म्हणजेसुद्धा बघणंच. हो काय ते सोमवारी उजाडता फोनवर सांगू."

"हव्वेनेही सफरचंद आधी नुसतं बघितलंच होतं," नेस्टा म्हणाली. "पण मी येणार आहे. तू एकटा गेलास तर बघत बघत कुठवर जाशील, सांगता येत नाही."

देवाची कृपा म्हणा किंवा परीक्षा म्हणा, त्या रविवारी दुपारची बायबलची शाळाही नव्हती. ती शिकवणारे ज्येष्ठ पंच हॉपकिन रीस पडशाने बेजार झाले होते. सकाळची उपासना आटोपून प्रॉसर नवरा-बायको चॅपलच्याच कपड्यांत, आपल्या नेहमीच्या बंद गाडीतून खिंडीपलीकडे गेले.

लेसींनी हिरवी गाडी अंगणात काढून ठेवली होती. छप्पर चौकटीसकट सोडवून कोठारात ठेवलेलं. "खिंडीपर्यंत जाऊन या," किल्ली देत ते म्हणाले. "खोड एकच आहे. तापलेली असताना बंद करू नका. रुसते. थंड होईपर्यंत काही केल्या बोलत नाही."

"आमच्या घरातली चाल आहे ही," नेस्टा म्हणाली आणि आत बसली. तिची उपासनेची टोपी उडेल म्हणून तिने ती काढून मांडीखाली घेतली.

पहिल्या वळणापर्यंत इडवलचं लक्ष तेलाच्या काट्याकडे होतं. दुसऱ्या वळणावर त्याला जाणवलं की शेजारून काहीतरी आवाज येतोय. त्याला वाटलं पंख्याचा पट्टा असावा. मग कळलं, नेस्टा हसतेय. केसांतले आकडे सुटलेले, डोळ्यांतून वाऱ्याचं पाणी, आणि ही बाई शाळकरी पोरीसारखी हसतेय.

"मैल वाढतायत," तो ओरडून म्हणाला.

"वाढू देत," ती ओरडून म्हणाली. "अजून जरा जोरात घे."

तिथेच निवड झाली. वर्षानुवर्षं मोजा घेऊन हिंडलेल्या माणसाला एका चढावर कळलं की हीच गाडी हवी, ती नसेल तर कुठलीच नको, आणि किंमत चढो की उतरो, शेजारी हा आवाज हवा. पण आज रविवार होता.

खिंड ओलांडून ते थोडे पुढे गेले, वळायला जागा बघायला, तर समोर मेंढ्या. सगळा रस्ता पांढरा. त्यांच्यामागून गेथिन मेंढपाळ शांतपणे येत होता. आता त्या मुलखात एक शिष्टाचार आहे. डोंगरावर ओळखीचा माणूस भेटला की गाडी थांबवायची आणि इंजिन बंद करायचं. इंजिन चालू ठेवून बोलणं म्हणजे समोरच्याला 'लवकर आटप' म्हणण्यासारखं. इडवलचा हात सवयीने किल्लीकडे गेला. लेसींचं बोलणं त्याला आठवलं ते इंजिन गप्प झाल्यावर.

मग बोलणं झालं. गेथिनची कंबर, पाऊस, कार्डिफला दिलेली मुलगी, तिचा नवरा, त्याची कंबर. गाडीबद्दल गेथिन अवाक्षर बोलला नाही. रविवारी असल्या गाडीबद्दल विचारणं बरं नव्हे, एवढं त्याला कळत होतं. शेवटी निरोप घेऊन इडवलने किल्ली फिरवली. गाडीने नुसता एक सुस्कारा टाकला.

"आता काय?" नेस्टाने विचारलं.

इडवलने मागे बघितलं. लेसींच्या बाजूला चढ. पुढे बघितलं. उतार थेट ब्रिनगोलेत. ढकलून, उतारावर गिअर टाकून गाडी सुरू करता येण्यासारखी होती, पण फक्त त्याच दिशेला.

"गावात उतरायचं, चौकात न थांबता वळायचं आणि तसंच वर यायचं," तो म्हणाला. "थांबायचं नाही. एवढंच पाळायचं."

गेथिनने ढकललं, गाडी उतारावर खोकून जागी झाली, आणि त्याच वेळी पावसाची भुरभुर सुरू झाली. गाडीला छप्पर नाही आणि गाडी थांबवायची नाही. प्रॉसर दांपत्य दोन पुतळ्यांसारखं भिजत ब्रिनगोलेत उतरलं, ते बरोबर संध्याकाळच्या उपासनेची घंटा व्हायच्या सुमाराला. दोन्ही बाजूंनी काळ्या छत्र्या चॅपलकडे निघाल्या होत्या. एकेक छत्री थोडी मागे कलली. इडवलने टोपी कपाळावर ओढली. पण उघड्या गाडीत टोपी ओढून लपणं म्हणजे काचेच्या बरणीत डोळे मिटून बसण्यासारखं.

तरीही तो चौकातून वळलाच असता. पण ऑर्गन वाजवणाऱ्या मिस प्यू त्याच क्षणी गीतांच्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन रस्ता ओलांडायला निघाल्या, आणि मिस प्यू गाड्यांसाठी कधी थांबल्या नव्हत्या. इडवलने ब्रेक दाबला. गाडी चॅपलच्या पायऱ्यांसमोर थांबली, इंजिन बंद पडलं आणि ती रुसली.

"मिस्टर प्रॉसर," मिस प्यूंनी छत्री वर केली. "रविवारी गाडी घेतलीत?"

"छे छे. घेतली नाही. नुसती बघतोय."

"बायकोला शेजारी बसवून?"

"दोघं मिळून बघतोय."

"सुखासाठी हिंडायची गाडी आहे ही," मिस प्यू म्हणाल्या. 'सुख' हा शब्द त्या माशाच्या काट्यासारखा जिभेच्या टोकावर आणून बाहेर ठेवत. मागे सात-आठ छत्र्या थबकल्या होत्या. "कुणासाठी बघताय?"

इडवलने मदतीसाठी वर बघितलं, तर वर चॅपलच्या दाराशी पाळक टोविन बेवन उभे. उंच, पांढरे केस, अंगात एकुलता एक काळा कोट. तीन खोऱ्यांतली तीन चॅपलं त्यांच्याकडे होती आणि रविवारी बस नसे. कधी ट्रॅक्टरवर, कधी दूधवाल्याच्या गाडीत डब्यांच्या मधोमध बसून ते उपदेशाला जात. त्यांच्यासाठी गाडी घ्यावी म्हणून मंडळीने निधी जमवलेला होता, पण तो पंचांच्या बैठकीत दर वेळी पुढच्या बैठकीवर जाई.

"पाळकसाहेबांसाठी," इडवल म्हणाला.

आपण काय बोललो हे त्याला कळेपर्यंत मिस प्यू आत पोचल्या होत्या. दयेचं काम रविवारी चालतं, हे नियमातच आहे. छत्र्या एकदम प्रेमळ झाल्या. कुणीतरी भिजलेल्या नेस्टाला छत्रीत घेतलं. नेस्टाने नवऱ्याकडे एकच कटाक्ष टाकला आणि चपटी झालेली टोपी डोक्यावर ठेवून ती आत गेली.

ऑर्गन सुरू व्हायच्या आत बातमी मागच्या बाकापर्यंत गेली होती, आणि पहिलं गीत संपायच्या आत व्यासपीठापर्यंत. बेवनसाहेबांनी कागदावर लिहून आणलेला उपदेश चेपून खिशात ठेवला, बायबल उघडलं आणि एलिया संदेष्ट्याला जिवंतपणी स्वर्गात घेऊन गेलेला अग्निरथ वाचायला घेतला. पंचांच्या आसनावर इडवलच्या कोटातून पाणी ठिबकत होतं.

आता बेवनसाहेबांचा उपदेश ज्याने ऐकला नाही त्याला काय सांगावं. सुरुवातीला ते साधं बोलत, शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलावं तसं. मग कुठल्या तरी वाक्याला स्वर चिकटायचा. पुढचं वाक्य त्या स्वराचं बोट धरून एक पायरी वर चढायचं, आणि बघता बघता बोलणं संपून गाणं सुरू झालेलं असायचं. कीर्तनात बुवांना रंग चढला की टाळकरी आपोआप डोलायला लागतात ना, तसं. तो रंग आणू म्हणून येत नाही, वरून उतरावा लागतो. गेल्या काही महिन्यांत तो बेवनसाहेबांवर उतरला नव्हता. माणूस थकलं होतं, दुधाच्या डब्यांत बसून बसून.

त्या संध्याकाळी तो उतरला.

"आणि त्या रथाला छप्पर होतं का?" बेवनसाहेबांनी हळूच विचारलं. मग गाऊन विचारलं. "छप्पर असतं, माझ्या बंधूंनो, तर एलियाला आकाश कसं दिसलं असतं? आम्ही म्हणतो, छप्पर हवं, भिंत हवी, काच हवी. आणि परमेश्वर म्हणतो, उघडं राहा. ज्याला भिजायची भीती वाटते त्याच्यावर माझी कृपा कशी पडावी?"

"आमेन," मागून गेथिनच्या बापाचा आवाज आला. बायका रुमाल शोधू लागल्या. हॉपकिन रीस शिंकले, पण तेही सुरात. इडवलने डोळे पुसले, निम्मे भक्तीने आणि निम्मे गाडीपायी.

त्याच वेळी दार करकरलं आणि लेसी आत आले. पाऊस आला आणि गाडी आली नाही म्हणून ते प्रॉसरचीच बंद गाडी काढून शोधायला निघाले होते. काखेत हिरव्या गाडीचं घडी केलेलं छप्पर. वेल्श भाषेतला एक शब्दही त्यांना कळत नव्हता. ते मागच्या बाकावर छप्पर मांडीवर घेऊन बसले, आणि शेवटच्या गीताला बायका-पुरुषांच्या उंच-खालच्या चारही पट्ट्यांतून मंडळी उभी राहून गायला लागली तेव्हा त्या इंग्रज माणसाने चष्मा काढून पुसला.

उपासना सुटल्यावर पंच मागच्या खोलीत जमले. चहा होता. मिस प्यू पंच नसूनही होत्या.

"माझा विरोध आहे," हॉपकिन रीस नाक पुसत म्हणाले. रीस सुतारकाम करत आणि गावाच्या शवपेट्याही तेच बनवत, त्यामुळे टिकाऊपणाबद्दल त्यांची मतं ठाम होती. "माणूस म्हणून प्रॉसरच्या भावनेला माझा मान आहे. पण गाडी म्हणजे पैशाची राख. मंडळीचा पैसा आपण रोज घटणाऱ्या वस्तूत घालायचा?"

इडवलला सुटकेचा रस्ता दिसला. "रीस म्हणतात ते विचार करण्यासारखं आहे," तो घाईने म्हणाला.

"घटते ना किंमत?"

आणि इथे इडवलचा घात झाला. एका अडचणीत तो एक खोटं बोलून गेला होता. पण त्या गाडीबद्दल खोटं बोलायला त्याची जीभ वळेना.

"तशी," तो म्हणाला, "या गाडीची घटत नाही."

"म्हणजे?"

"वाढते. दर वर्षी."

खोलीत चहाचे चमचे थांबले. "वाढते?" रीस म्हणाले.

"तिचा कारखाना बंद झाला. नव्या निघत नाहीत आणि जुन्या गंजत चालल्यात. त्यामुळे राहिलेल्यांची वाढते."

"मग ही पण गंजलेलीच असेल."

"नाही," इडवल क्षीणपणे म्हणाला. "मी चुंबक लावून बघितलंय."

"इंजिन?"

"जन्मापासूनचं."

"दुसरी एखादी चांगली, चार माणसांची, बंद मिळेल की," मिस प्यूंनी सुचवलं.

"मिळेल," इडवल म्हणाला. खरं म्हणजे त्याने इथेच थांबायला हवं होतं. "पण अशी मिळणार नाही."

बोलता बोलता त्याच्याही वाक्यांना स्वर चिकटायला लागला होता. तारांच्या चाकांबद्दल तो बोलला, चढावर इंजिन कसं बोलतं ते बोलला. तो थांबला तेव्हा हॉपकिन रीस उभे होते.

"या निधीला बँकेत जे व्याज मिळतं ते सांगायची मला लाज वाटते," ते म्हणाले. "प्रॉसर, इतका अभ्यास तुम्ही पाळकसाहेबांसाठी केलात आणि आम्हाला पत्ता लागू दिला नाहीत. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू न देणं याला म्हणतात. ठराव मी मांडतो."

सगळे हात वर गेले. इडवलचा सर्वांत शेवटी गेला, जडशीळ. व्यवहार अर्थात सोमवारी व्हायचा होता. लेसींना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बर्मिंगहॅमच्या माणसाला मी नकार कळवतो. मघाशी ते काय गात होतात तुम्ही? त्याच्या मानाने काचेची खोली काहीच नाही."

बाहेर पायऱ्यांवर बेवनसाहेबांनी इडवलचा हात दोन्ही हातांत घेतला. हजार माणसांना आवाजाने हलवणारा तो माणूस नुसता हात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "मला वाटत होतं, मी म्हातारा झालो हे मंडळीच्या ध्यानात आलंय आणि कुणी बोलत नाही एवढंच."

लेसी थंड झालेली हिरवी गाडी घेऊन परतले. प्रॉसर नवरा-बायको बंद गाडीतून, वायपर चालू करून घरी निघाले.

"सांगून टाक त्यांना खरं," नेस्टा म्हणाली.

"त्यांचा चेहरा बघितलास ना तू?"

"बघितला." तिने काचेवरची वाफ बोटाने पुसली. "तुझाही बघितला."

"गाडीच ती," इडवल म्हणाला. "पत्रा आणि चार चाकं."

"तारांची," नेस्टा म्हणाली आणि तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

सोमवारी गाडी मंडळीची झाली. चॅपलमागे सरपणाची शेड होती, ती रीसनी स्वतः साफ केली, दाराला रंधा मारून कुलूप बसवलं. लेसींनी छप्पर चढवून दिलं. संध्याकाळी पंचांनी समारंभाने किल्ली बेवनसाहेबांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली.

"फार सुंदर आहे," ते म्हणाले. "चालवणार कोण?"

पंच एकमेकांकडे बघू लागले.

"आईला भीती वाटायची," बेवनसाहेब ओशाळून म्हणाले. "मग शिकायचं राहूनच गेलं. कुणी कधी विचारलं नाही."

इतकी वर्षं बैठकीत निधीची चर्चा झाली, गाडी कुठली घ्यावी याची झाली, पेट्रोल कुणी भरावं याचीही झाली. हा मुद्दा मात्र एकाच्याही डोक्यात आला नव्हता. हॉपकिन रीसनी घसा खाकरला आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. किल्ली फिरून इडवल प्रॉसरच्या तळहातावर आली. या वेळी त्याने नाही म्हणायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"गुंतवणूक मंडळीची, पेट्रोल मंडळीचं आणि मजा तुझी," नेस्टा त्या रात्री म्हणाली. "खोटं बोलणाऱ्याला असं फळ मिळतं हे मुलांना सांगू नये."

शनिवारी रात्री इडवलला झोप लागली नाही. रविवारी सकाळी तो उजाडायच्या आत शेडमध्ये होता. थोड्या वेळात ऊन पडलं, डोंगर धुतल्यासारखे स्वच्छ. त्याने छप्पर उतरवलं, काच पुसली आणि गाडी बेवनसाहेबांच्या दाराशी नेली. बेवनसाहेब बाहेर आले, गळ्याला दोन मफलर आणि तोंडावर रुमाल.

"सुंदर," ते रुमालातून म्हणाले. "पण छप्पर चढवाल ना?"

"ऊन आहे, साहेब. वारासुद्धा नाही फारसा."

"घसा," बेवनसाहेब म्हणाले आणि बोटाने दाखवला. "देवाने मला एवढं एकच दिलंय. वारा लागला तर संध्याकाळी स्वर चढत नाही."

"पण साहेब, तुम्हीच म्हणाला होतात. एलियाचा रथ. उघडं राहा म्हणून."

बेवनसाहेबांनी क्षणभर विचार केला. "एलियाला परतीच्या वाटेवर उपदेश करायचा नव्हता," ते म्हणाले.

इडवलने छप्पर चढवलं. काचा लावल्या. हीटर सुरू केला, कारण घशाला ऊब हवी. वेल्समधल्या सर्वांत सुंदर उघड्या गाडीत तो सगळा दिवस असा बसला, जसा खात्याच्या करड्या व्हॅनमध्ये बसत असे. एका खोऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. शेजारी बेवनसाहेब संध्याकाळच्या उपदेशाचे स्वर मफलरमध्ये गुणगुणत होते. बाहेर उन्हात डोंगर झळकत होते आणि काचा आतून वाफेने भरत होत्या. पुढेही प्रत्येक रविवारी हेच चालणार, हे त्याला दुसऱ्या खोऱ्यातच कळून चुकलं.

शेवटची उपासना झाली. बेवनसाहेबांना त्यांच्या दारात उतरवलं. उन्हाळ्याचे दिवस, त्यामुळे अजून लख्ख उजेड होता. कोपऱ्यावर नेस्टा उभी होती, डोक्याला काहीही न बांधता.

"कसा गेला दिवस?" आत बसत तिने विचारलं.

"घसा उत्तम आहे," इडवल म्हणाला.

नेस्टाने छपराकडे बघितलं, वाफाळलेल्या काचांकडे बघितलं, नवऱ्याच्या घामेजलेल्या कपाळाकडे बघितलं. मग तिने हात वर करून छपराचा आपल्या बाजूचा खटका उघडला. इडवलने बघितलं आणि आपल्या बाजूचा उघडला. इंजिन मात्र त्याने बंद केलं नाही.

"गाडी शेडमध्ये लावायला तर हवीच," तो म्हणाला. "तेवढं काम रविवारी चालतं."

"चालतं," नेस्टा म्हणाली.

चौकात आल्यावर ती हळूच म्हणाली, "शेड डावीकडे आहे."

"ठाऊक आहे," इडवल म्हणाला आणि गाडी उजवीकडे, खिंडीच्या दिशेने वळवली.